संकलन, आज्ञा आणि ‘नाही’: एआय सहायकाच्या हाती आलेल्या टाइमलाइनची समीक्षा

गोषवारा

संगणकावरील चित्रसंकलनाच्या प्रणालींना एआय सहायक जोडून, साध्या भाषेतील आज्ञेवरून संकलन करून घेण्याची पद्धत गेल्या दोन-तीन वर्षांत रूढ होऊ लागली आहे. प्रस्तुत लेखात या जोडणीचे स्वरूप थोडक्यात मांडून, संकलन या कलाव्यवहाराविषयी ती कोणती गृहीतके बाळगते याची चिकित्सा केली आहे. चर्चेसाठी ‘कोर्ट’ व ‘सैराट’ या दोन मराठी चित्रपटांचा आणि विद्यार्थ्यांच्या एका माहितीपटाच्या अनुभवाचा आधार घेतला आहे. मराठी वाक्यातील नकाराचे स्थान हा या चर्चेतील कळीचा मुद्दा आहे.

बीजसंज्ञा: संकलन, टाइमलाइन, एआय सहायक, स्वयंचलन, मौन, नकार, ‘कोर्ट’, ‘सैराट’

प्रस्तावना

मराठी चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ‘संकलन’ हा शब्द इतका रुळला आहे की त्याच्या अर्थाकडे आपले लक्ष सहसा जात नाही. आपल्या जुन्या गणितात संकलित म्हणजे बेरीज आणि व्यवकलित म्हणजे वजाबाकी. चित्रपटाच्या तुकड्यांची जुळवाजुळव करणाऱ्या कामाला मराठीने बेरजेचे नाव दिले. प्रत्यक्ष संकलन कक्षात मात्र दिवसभर उच्चारला जातो तो शब्द ‘कट’, म्हणजे वजाबाकीचा. या दोन शब्दांमधील ताण नवा नाही. पण संकलनाचे काम यंत्राला तोंडी किंवा लेखी आज्ञा देऊन करून घेण्याची सोय झाल्यापासून तो ताण प्रत्यक्ष व्यवहाराचा प्रश्न झाला आहे. यंत्राला आपण बेरीज सांगतो की वजाबाकी, आणि ते दोहोंपैकी काय ऐकते, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. ‘यंत्र आले, कला बुडाली’ अशी ओरड करण्याचा येथे हेतू नाही. ती ओरड बोलपटाच्या वेळी झाली, रंगीत चित्रपटाच्या वेळी झाली आणि फिल्मची पट्टी जाऊन संगणक आला तेव्हाही झाली. वॉल्टर मर्च यांना ‘द इंग्लिश पेशंट’ (१९९६) या चित्रपटाच्या संकलनासाठी ऑस्कर मिळाले. हा सन्मान मिळवणारा तो संगणकावर संकलित झालेला पहिला चित्रपट होय. याच मर्च यांनी ‘कोल्ड माउंटन’ (२००३) हा चित्रपट तेव्हा हौशी लोकांचे समजले जाणारे फायनल कट प्रो वापरून संकलित केला. साधन बदलल्याने विवेक जातोच असे नाही. प्रश्न साधनाचा नसून, साधनाशी बोलताना आपण कोणती भाषा वापरतो याचा आहे.

जोडणीचे स्वरूप

संकलन मजकुराच्या रूपात लिहिता येते ही कल्पना एआयच्या फार आधीची आहे. सीबीएस आणि मेमोरेक्स यांच्या सहकार्यातून १९७१ साली सीएमएक्स ६०० ही संगणकीय संकलन प्रणाली तयार झाली. पुढे सीएमएक्स ३६०० या प्रणालीची ‘एडिट डिसिजन लिस्ट’ जगभर प्रमाण मानली गेली. ही यादी म्हणजे साध्या अक्षरांतील मजकूर असतो. प्रत्येक ओळीत घटनेचा क्रमांक, मूळ रिळाचे नाव, चित्र की ध्वनी याची खूण, कट की डिझॉल्व्ह याचे अक्षर आणि चार टाइमकोड. मूळ रिळात तुकडा कोठे सुरू होतो व कोठे संपतो, तयार पट्टीवर तो कोठे बसतो व कोठे संपतो. तीन तासांचा चित्रपटही अशा ओळींत मावतो. १९८९ साली अ‍ॅव्हिडची प्रणाली बाजारात आल्यानंतर हीच यादी पडद्यावर आडव्या टाइमलाइनच्या रूपाने दिसू लागली, इतकेच.

आजची जोडणी याच परंपरेतील आहे. ब्लॅकमॅजिक डिझाइन या कंपनीच्या दा विंची रिझॉल्व्ह या प्रणालीला पायथन व लुआ या भाषांतून आज्ञा देता येतात. बाहेरच्या प्रोग्रामने तिला चालवण्याची मुभा मुख्यतः तिच्या विकत घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीत आहे. क्लिपचा संग्रह वाचणे, क्लिपचा अमुक फ्रेमपासून अमुक फ्रेमपर्यंतचा भाग टाइमलाइनवर ठेवणे, एखाद्या फ्रेमवर रंगीत खूण व टीप लावणे, तयार झालेले काम फाइलच्या रूपात बाहेर काढणे, असे या आज्ञांचे स्वरूप आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाचा खुला संकेत जाहीर केला. भाषिक मॉडेलने बाहेरच्या प्रोग्रामची साधने कशी ओळखावीत व कशी वापरावीत याची ती एक सामाईक रीत आहे. तिचा उपयोग करून २०२५पासून स्वतंत्र प्रोग्रामरांनी रिझॉल्व्हसारख्या प्रणालींसाठी मुक्तस्रोत दुवे लिहिले. परिणामी ‘या मुलाखतीतील पहिली दहा उत्तरे क्रमाने लाव’ असे मराठीत लिहिले तरी सहायक त्याचे आज्ञांत रूपांतर करतो आणि टाइमलाइन आपोआप भरू लागते. पहिल्यांदा पाहणाऱ्यास हे दृश्य विलक्षण वाटते. मलाही वाटले.

येथे एक तांत्रिक बाब मुद्दाम नमूद करावीशी वाटते, कारण तिच्यात समीक्षेचा मुद्दा दडलेला आहे. रिझॉल्व्हच्या स्क्रिप्टिंग दस्तऐवजाच्या ज्या आवृत्त्या मी वाचल्या त्यांत क्लिप मांडण्याच्या आज्ञा आहेत, खुणा करण्याच्या आहेत, रंग बदलण्याच्याही आहेत. पण टाइमलाइनवर बसलेल्या क्लिपची कड दोन फ्रेम मागे किंवा पुढे सरकवण्याची थेट आज्ञा मला आढळली नाही. क्लिपची सुरुवात व शेवट वाचता येतात, बदलता येत नाहीत. सहायकाला तसे करायचे झाल्यास क्लिप काढून, नव्या मापाने पुन्हा ठेवावी लागते. संकलकाचा निम्मा दिवस ज्या कामात जातो, तेच काम आज्ञांच्या यादीत नाही. ही उणीव उद्या दूर होईलही. परंतु प्रणाली घडवणाऱ्यांनी स्वयंचलनास योग्य असे काम कोणते मानले, हे या यादीवरून कळते. ते काम मांडणीचे आहे, कडेचे नाही.

कडेचा प्रश्न

कडेला इतके महत्त्व का द्यावे? मर्च यांनी आपल्या ‘इन द ब्लिंक ऑफ अ‍ॅन आय’ या पुस्तकात चांगल्या कटचे सहा निकष सांगितले असून त्यांना टक्केवारीही दिली आहे. भावनेला ५१, कथेला २३, लयीला १०, प्रेक्षकाच्या नजरेच्या वाटेला ७, पडद्याच्या द्विमिती रचनेला ५ आणि प्रत्यक्ष अवकाशाच्या त्रिमिती सातत्याला ४. ही टक्केवारी अर्थातच थोडी विनोदाची आहे. भावनेला अर्ध्याहून एक टक्का जास्त देण्यातला खट्याळपणा वाचकाच्या लक्षात येतो. गंमत अशी की यंत्राला सर्वांत सहज जमणाऱ्या गोष्टी या यादीच्या तळाशी आहेत. अवकाशाचे सातत्य, हालचालीची दिशा, चेहऱ्याचे पडद्यावरील स्थान हे सारे मोजता येते. वर जावे तसे मोजमाप विरळ होत जाते.

मर्च यांची आणखी एक सवय येथे उल्लेखनीय आहे. शॉट कोठे संपवायचा हे ठरवताना ते चित्र त्याच्या नेहमीच्या वेगाने चालू ठेवून, थांबवावेसे वाटेल त्या क्षणी थांबवतात. मग पुन्हा सुरुवातीपासून पाहतात आणि पुन्हा थांबवतात. दोन्ही वेळा तीच फ्रेम आली तर ती फ्रेम बरोबर. चोवीस फ्रेमच्या सेकंदात नेमक्या एका फ्रेमवर दोनदा हात पडणे हे गणिताचे काम नव्हे. तबलजीची सम जशी हातात असते तशी ही सम आहे, आणि ती रशेस पुनःपुन्हा पाहून हातात येते. यंत्र अर्थातच दहाही वेळा त्याच फ्रेमवर थांबेल. म्हणूनच त्याच्या थांबण्यातून काहीच सिद्ध होत नाही.

दुसरा मुद्दा कुलेशोव्ह यांच्या प्रसिद्ध प्रयोगाचा. रशियन दिग्दर्शक लेव कुलेशोव्ह यांनी मोझुखिन या नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा एकच शॉट वेगवेगळ्या चित्रांशेजारी ठेवला, आणि प्रेक्षकांना त्यात कधी भूक तर कधी दुःख दिसले. चित्रपटाच्या अभ्यासक्रमात हा प्रयोग इतक्यांदा सांगितला जातो की तो गुळगुळीत झाला आहे. पण एआय सहायक फुटेज कसे ‘पाहतो’ हे तपासले की तो पुन्हा टोकदार होतो. सर्वसाधारण पद्धत अशी की प्रत्येक क्लिपमधून काही फ्रेम निवडल्या जातात, त्यांचे शब्दांत वर्णन तयार होते, बोलण्याची लिखित प्रत तयार होते, आणि पुढील निर्णय या मजकुरावरून घेतले जातात. मोझुखिनच्या शॉटचे वर्णन काय येईल? ‘एक पुरुष, चेहरा निर्विकार.’ हे वर्णन अचूक आहे. कुलेशोव्ह यांच्या दृष्टीने पाहता ते निरुपयोगीही आहे, कारण त्या शॉटचा अर्थ त्या शॉटमध्ये नाहीच. सुट्या क्लिपला आधी अर्थ देऊन मग त्या अर्थांची माळ ओवणे म्हणजे शंभर वर्षे मागे जाणे होय. यावर असा आक्षेप घेता येईल की मॉडेलला दोन क्लिप शेजारी ठेवून पुन्हा विचारता येते. येते, पण मग विचारणाऱ्याला कोणत्या दोन शेजारी ठेवायच्या ते आधी सुचावे लागते, आणि ते सुचणे म्हणजेच संकलन.

मौन आणि काळोख

‘आटोपशीर कर’ ही सहायकाला दिली जाणारी नेहमीची आज्ञा. आटोपशीरपणा हे विशेषण आहे. यंत्राला आकडा हवा असतो. मग विशेषणाचे आकड्यात रूपांतर होते, आणि हे रूपांतर बहुधा वापरणाऱ्याला दिसत नाही. एफएफएमपेग या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या मुक्तस्रोत साधनात शांतता शोधणारी एक चाळणी आहे. वेगळे काही सांगितले नाही तर ती उणे ६० डेसिबलच्या खालील आणि किमान २ सेकंद टिकणाऱ्या आवाजाला शांतता मानते. काळा पडदा शोधणारी चाळणीही आहे. तिचीही मूळ मर्यादा २ सेकंदांचीच. ज्याने ही मापे ठरवली त्याच्यासमोर सदोष रेकॉर्डिंग होते, कलाकृती नव्हती, आणि त्या कामासाठी ती योग्यच आहेत. हीच चाळणी ‘कंटाळवाणे भाग काढ’ या आज्ञेच्या पोटात शिरते तेव्हा मात्र ती सौंदर्यशास्त्र होऊन बसते.

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ (२०१६, संकलन: कुतुब इनामदार) या चित्रपटाचा शेवट आठवावा. शेजारणीबरोबर बाहेर गेलेले लहान मूल घरी परतते आणि आत काय घडले आहे ते त्याच्याबरोबर आपणही पाहतो. ते रडते, पण त्याचे रडणे आपल्याला ऐकू येत नाही. रक्ताची पावले उमटवत ते बाहेर पडते. गाण्यांनी दुमदुमलेला चित्रपट ध्वनीशिवाय संपतो. येथे एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे. ही शांतता चित्रीकरणात मिळालेली नाही. चित्रीकरणाच्या जागी माणसे असतात, वारा असतो, कोठेतरी वाहन जाते. ती नंतर, ध्वनी काढून घेऊन निर्माण केलेली आहे. म्हणजे प्रश्न दुहेरी आहे. तयार चित्रपट दिला तर शांतता शोधणारे यंत्र नेमके याच ठिकाणी बोट ठेवील. आणि कच्चे फुटेज दिले तर येथे शांतता हवी होती हे त्याला कोठेच सापडणार नाही, कारण ती फुटेजमध्ये नसून संकलकाच्या व दिग्दर्शकाच्या मनात आहे.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४, संकलन: रिखव देसाई) या चित्रपटात परिस्थिती आणखी अवघड होते. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावरील खटला आपण बहुतांश दुरून, स्थिर कॅमेऱ्यातून, लांबलचक शॉटमध्ये पाहतो. वकील, साक्षीदार, टंकलेखक आणि मागच्या बाकांवर आपल्या प्रकरणाची वाट पाहणारी माणसे एकाच चौकटीत असतात. ‘बोलणाऱ्याचा चेहरा दाखव’ हा स्वयंचलित संकलनाचा आवडता नियम येथे लावायला जागाच नाही. कोर्टाला सुटी लागते, माणसे बाहेर पडतात, दिवे मालवले जातात आणि रिकाम्या न्यायकक्षावर चित्रपट थांबून राहतो. पडद्यावर जवळजवळ काळोख. कोणाही प्रेक्षकाला चित्रपट येथेच संपला असे वाटते. त्यानंतर मात्र सहलीला गेलेल्या न्यायाधीशांचा प्रसंग येतो. बाकावर डुलकी घेत असताना मुले त्यांना ओरडून जागे करतात, ते एका मुलाच्या थोबाडीत मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. मधला काळोख नसता तर हा प्रसंग केवळ विनोदी ठरला असता. काळोखामुळे तो निकालपत्रासारखा वाटतो. काळी फ्रेम शोधणाऱ्या चाळणीत हा तुकडा ‘दोष’ म्हणून अडकण्याचा पुरेपूर संभव आहे. आणि तो काढल्यास कथानकाची एकही माहिती गळत नाही. यंत्राच्या हिशेबात काहीच वजा झालेले नसते.

‘नाही’ची जागा

येथवरची चर्चा मोठ्या चित्रपटांच्या संदर्भात झाली. त्या चित्रपटांना संकलक आहेत, आणि ते अशा आज्ञेवर काम सोडून देणार नाहीत. खरा धोका जेथे संकलक नाही तेथे आहे, असे मला वाटते. तालुक्याच्या गावी लग्नाचे, निवडणुकीच्या सभेचे, स्थानिक बातम्यांचे चित्रीकरण करून रातोरात ते तयार करून देणारी एकट्याची दुकाने आहेत. महाविद्यालयांतील प्रकल्प आहेत. हाताशी माणूस नसताना दोन कॅमेऱ्यांचा ध्वनी जुळवणे, चार तासांतून एक वाक्य शोधणे, खाली उपशीर्षके देणे ही कामे सहायक करून देत असेल तर ते नाकारण्याचे कारण नाही. आम्हीही नाकारले नाही.

मी शिकवत असलेल्या दृक्‌श्राव्य माध्यमांच्या पेपरसाठी २०२५ साली विद्यार्थ्यांच्या एका गटाने धरणग्रस्तांच्या पुनर्वसित गावावर माहितीपट केला. एका वृद्ध स्त्रीची चाळीस मिनिटांची मुलाखत त्यात होती. विद्यार्थ्यांनी ती एका सहायकाच्या हवाली करून पाच मिनिटांचा आटोपशीर भाग मागितला. तो मिळाला, आणि पाहायला चांगलाही होता. आजी ठामपणे बोलत होत्या, अडखळणे कोठेही नव्हते. त्यात एक वाक्य होते: ‘सरकारनं जमिनीचं पैसं दिलं.’ गटातील तिघांना त्यात काही वावगे वाटले नाही. चौथा, जो मुलाखतीच्या वेळी माइक धरून बसला होता, तो म्हणाला, ‘सर, आजी असं म्हणाल्याच नाहीत.’

मूळ फुटेज काढून पाहिले. आजी म्हणतात, ‘सरकारनं जमिनीचं पैसं दिलं’, मग हातातल्या सुपाकडे पाहत बराच वेळ गप्प राहतात, आणि हळू आवाजात म्हणतात, ‘न्हाई.’ लिखित प्रतीत हा ‘न्हाई’ चार सेकंदांच्या खंडानंतर आल्यामुळे वेगळी, एकाच शब्दाची ओळ म्हणून नोंदला गेला होता. सहायकाने लांब शांतता काढली, आणि तिच्यापुढची ती एकशब्दी ओळ तुटक उद्गार समजून सोडून दिली. सरकारने पैसे दिले असे साक्षीदाराच्या तोंडून वदवून घेतले गेले, आणि त्यात कोणाचाही कावा नव्हता.

हा अपघात होता असे म्हणून सोडून देता आले असते. परंतु भाषेच्या अभ्यासकाला त्यात एक नियम दिसतो. मराठीत भूतकाळी विधानाचा नकार बहुधा क्रियापदानंतर येतो, आणि नकार काढला तरी उरलेले वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण राहते. ‘पैसे दिले नाहीत’ यातून ‘नाहीत’ गेले की ‘पैसे दिले’ उरते. ‘तो आला नाही’ मधून ‘नाही’ गेले की ‘तो आला’ उरते. वर्तमानकाळात असे होत नाही. ‘तो येत नाही’ मधील ‘नाही’ काढल्यास ‘तो येत’ असे लंगडे वाक्य उरते आणि ऐकणारा थबकतो. हिंदीत ‘नहीं’ साधारणतः क्रियापदाच्या आधी येते. त्यामुळे वाक्याचे टोक कापले गेले तर क्रियापदच जाते आणि तूट लगेच कळते. म्हणजे शेपटाकडून कापण्याची चूक मराठीत अर्थ उलटा करते, आणि तीही साक्षीच्या, आठवणीच्या, तक्रारीच्या काळात, म्हणजे भूतकाळात. शिवाय बोलणारा नकारापूर्वीच थांबतो. दुःखाची गोष्ट सांगताना तर हटकून थांबतो. यंत्राला जेथे कापायला सर्वांत सोपे जाते, तीच जागा मराठी माणसाने नकारासाठी राखून ठेवलेली आहे.

यात बोलीचीही भर पडते. ‘न्हाई’, ‘न्हाय’, ‘नाय’, ‘नाही’ ही एकाच शब्दाची रूपे आहेत हे आपण शिकवावे लागत नाही. उच्चार ओळखणाऱ्या मॉडेलांना ते शिकवावे लागते, आणि त्यासाठी लागणारी सामग्री तोकडी आहे. ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्हिस्पर या मॉडेलचे शिक्षण ६,८०,००० तासांच्या ध्वनीवर झाले होते; त्यांपैकी इंग्रजीखेरीज इतर ९६ भाषांच्या वाट्याला मिळून १,१७,००० तास आले, आणि त्यातही मराठीचा हिस्सा नगण्य होता. नंतरची मॉडेले सुधारली आहेत हे मान्य. पण करमाळ्याची, चंदगडची, झाडीपट्टीची बोली त्यांत किती आहे, हा प्रश्न आपल्या विद्यापीठांतील मराठी विभागांनी विचारायला हवा. तो कोणी दुसरा विचारणार नाही.

रशेस कोणी पाहायचे?

वरील प्रसंगात चूक पकडणारा विद्यार्थी अधिक हुशार होता असे नाही. तो तेथे होता. संकलन कक्षात ही जागा परंपरेने सहायक संकलकाची असते. दिवसाचे चित्रीकरण लावायचे, ध्वनी जुळवायचा, प्रत्येक टेकची नोंद करायची, नको असलेले तुकडे सांभाळून ठेवायचे. हे काम कंटाळवाणे आणि कमी पैशांचे असते. तरीही सारे फुटेज डोळ्यांखालून गेलेला माणूस तोच असतो. दादासाहेब फाळक्यांच्या घरी फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे सरस्वतीबाईंनी केली. आपल्या चित्रपटाचा इतिहास ज्या अदृश्य हातांनी सुरू होतो ते हात हेच. पुण्यात प्रभातच्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि तेथे संकलनाला स्वतंत्र अभ्यासशाखेचे स्थान मिळाले. ‘परिंदा’ (१९८९) आणि ‘धारावी’ या चित्रपटांच्या संकलनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणाऱ्या रेणू सलुजा याच संस्थेतून बाहेर पडल्या. एआय सहायक आज नेमकी जी कामे हाती घेतो ती या शिकाऊ अवस्थेतील आहेत. वेळ वाचतो हे खरेच. पण ज्या वेळात हात घडत होता तोच हा वेळ आहे. पुढील संकलक कोठे घडणार याची चर्चा मला अद्याप कोठे फारशी वाचायला मिळालेली नाही.

येथे आपल्या वाङ्मयीन परंपरेतील एक उदाहरण आठवते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. त्यांच्यासमोर कोणत्या प्रती होत्या, त्यांनी कोणते पाठ स्वीकारले याची चर्चा अभ्यासक आजही करतात. कारण त्यांनी गाळले काय, याची यादी आपल्याकडे नाही. संकलनाच्या बाबतीतही समीक्षकाची हीच अडचण होती. तयार चित्रपट दिसतो, गाळलेले दिसत नाही. एआय सहायकाने येथे नकळत एक दार उघडले आहे, आणि त्याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. त्याने दिलेली प्रत्येक आज्ञा नोंदवून ठेवता येते. कोणती क्लिप कोणत्या फ्रेमपासून घेतली, कोणती सोडली, कोणत्या सूचनेवरून सोडली, हे सारे मजकुराच्या रूपात उपलब्ध होऊ शकते. पाठचिकित्सेची सवय असलेल्या मराठीच्या अभ्यासकाला असा दस्तऐवज वाचता येईल. मानवी संकलकाने आपल्या निर्णयांचा असा रोजनामा क्वचितच ठेवला आहे.

मात्र ही नोंद ‘काय केले’ याची असते. ‘का’ विचारले तर सहायक कारणही सांगतो, पण ते कारण निर्णयानंतर रचलेले नाही याची खात्री कशी करावी, हा प्रश्न उरतो. आमच्या प्रसंगात विद्यार्थ्यांनी त्याला ‘न्हाई’ का काढला असे विचारले. त्याने तत्परतेने क्षमा मागितली आणि ‘मुलाखतीचा ओघ राखण्यासाठी’ असे उत्तर दिले. ते उत्तर सभ्य होते, पण त्या शब्दाकडे त्याचे लक्ष गेले होते की नाही हे त्यावरून कळत नव्हते.

विद्यार्थ्यांनी तो भाग हाताने पुन्हा जोडला. चार सेकंदांची शांतता, सूप आणि ‘न्हाई’ हे सारे परत आले. भाग पाच मिनिटांऐवजी साडेपाच मिनिटांचा झाला. श्रेयनामावलीत ‘संकलन’ या शब्दापुढे काय लिहावे यावर गटात वाद झाला. अखेर चौघांची नावे आली, आणि सहायकाचा उल्लेख ‘ध्वनी-जुळणी व नोंदी’ या ओळीत गेला. पुढील वर्षापासून या पेपरच्या प्रकल्पासोबत दोन गोष्टी सादर करण्याची अट आम्ही घातली आहे: सहायकाला दिलेल्या आज्ञांची पूर्ण नोंद, आणि गाळलेल्या तुकड्यांची यादी, जी विद्यार्थ्याने मूळ फुटेज सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहून स्वतःच्या हाताने लिहिलेली असेल. पहिल्या तुकडीने या दुसऱ्या अटीविरुद्ध अर्ज दिला आहे. चाळीस मिनिटांच्या मुलाखतीसाठी ठीक, पण सहा तासांच्या फुटेजचे काय, असा त्यांचा प्रश्न आहे, आणि तो अगदीच गैरवाजवी आहे असे मला म्हणता येत नाही.